वावभर दोर

।। श्री ।।
पाली, ९ जानेवारी १९७३

चि. बद्रीनाथ भाऊजी यांस वच्छलावहिनीचे आशीर्वाद.

अक्षर ओळखलं असेल. ओळखलं म्हणून पत्र बाजूला ठेवू नका, पुरतं वाचा. पत्ता पाटोद्याच्या ताराबाईंकडून घेतला. दर दिवाळीला तुम्ही बहिणीला खुशाली कळवता हे मला ठाऊक होतं. यांना मी बोलले नाही, आणि हे पत्रही यांना न सांगता लिहिते आहे.

धरण आटलं. भिंतीपाशी डबकं उरलंय, त्यात म्हशी बसतात. मच्छीमार संस्थेला कुलूप आहे. सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात, दुपारी खायला सुकडी मिळते. तुमचे दादा जात नाहीत. ते दिवसभर होडीपाशी बसतात.

होडी म्हणजे तुम्ही बांधलेली, शिडाची. आठ वर्षं यांनीच चालवली, शीडही तेच आहे, मी दोनदा ठिगळ लावलं. आता ती कोरड्या भेगांवर पडून आहे आणि उन्हानं तिच्या फळ्यांचे सांधे उघडताहेत. एका जागी माझं बोट आत जातं. मी ज्वारी धुतल्याचं, भांडी विसळल्याचं पाणी साठवते, गोणपाट भिजवून तिच्यावर टाकते. छबुबाई शेजारून ओरडते, "वच्छलाबाई, नवऱ्याला पारोसा ठिवती अन् लाकडाला न्हाऊ घालती का गं?" हसून घेते. पण होडी पाण्यात गेली नाही तर उन्हाळ्यात तिचं सरपण होईल, आणि मग या माणसाचं काय होईल ते मला दिसतंय.

यांनी ठरवलंय, होडी समुद्रावर न्यायची. "समुद्र काय आटत न्हाई. पाऊस पडंस्तोवर तिकडं, मग परत." मुंबईहून धान्य घेऊन येणारा ट्रक रिकामा परत जातो, त्याचा ड्रायव्हर अर्जुनराव होडी घालायला तयार आहे. ठेवायची कुठं हाच प्रश्न आहे. अर्जुनराव सोनकातळ नावाचा किनारा सांगतो. मोकळी वाळू, भाडं नाही, तिथली संस्था मासळी विकत घेते. एक मोठं बंदर आहे म्हणे, पण तिथं महिन्याला पैसे पडतात आणि मोठ्या लाँचींची गर्दी. यांनी ते आधीच खोडलं.

भाऊजी, मला समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग. तुम्ही त्या किनाऱ्यावर आठ वर्षं राहता. होडी कुठं ठेवावी? संस्थेच्या सभेत तुम्ही सुंदररावांच्या बाजूनं हात वर केला आणि यांचं चेअरमनपद एका हातानं गेलं. त्यावर मी तेव्हाही बोलले नाही, आताही बोलत नाही. एवढं सांगा.

तुमची वहिनी,
वच्छला


पाली, २८ जानेवारी

चि. भाऊजींस आशीर्वाद.

उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. पोस्टमनला मी वेशीवरच गाठते.

सोनकातळबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. तिथं लाट उभी येऊन आपटते, दर खेपेला आठ-दहा माणसांनी होडी वाळूवर ओढावी लागते, आणि तळ्याची सपाट बुडाची होडी तिथं चार दिवस टिकायची नाही. हे सारं खरं मानते. पण तुम्ही पुढं लिहिलंत की होडी खारेपेठच्या खाडीत आणा, तिथं वारा अडतो, दगडी धक्का आहे, कुणी भाडं मागत नाही. आणि शेवटी, जाता जाता लिहावं तसं, की तुमचं घर त्याच खाडीच्या पलीकडच्या काठावर आहे.

हे दादांना कळलं तर होडी खारेपेठच्या वाटेलाही जायची नाही. तुम्ही गावातून निघालात तेव्हा हे काय बोलले ते तुम्ही विसरला नसाल. "माझ्या पाण्यात पुना पाय घालू नगंस." त्यानंतर या घरात तुमचं नाव निघालेलं नाही. सासूबाईंच्या दिवसांतही नाही.

तरी परवा जेवताना मी सहज म्हटलं, खारेपेठ म्हणून एक खाडी चांगली आहे म्हणतात.

"कोन म्हंतं?"

म्हटलं, कडूबाईचा जावई त्या बाजूला असतो.

"कडूबाईचा जावई बांगड्या इकतो. त्याला होडीचं काय कळतंय?" आणि भाकरी मोडता मोडता थांबून माझ्याकडे बघितलं. मी पाणी आणायला उठले.

ट्रक २३ फेब्रुवारीला निघायचा आहे. यांनी अर्जुनरावाला सोनकातळ सांगून टाकलंय. धक्क्यावरून तुमचं घर दिसतं का, तेवढं कळवा.

वच्छला


पाली, सोमवार, १२ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, समजून घ्या.

मध्ये वाऱ्यानं होडीवरचं गोणपाट उडालं आणि पुढची एक फळी तडकली. हे त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, होडी गेली तं गेली, पर चुकीच्या जागी न्हाई गेली पायजे. मग स्वतःच म्हणाले, "देवाला इचारू. चिठ्ठ्या टाक."

आपल्या घराची रीत तुम्हाला माहीत आहे. अडलेलं काम असलं की महादेवापुढं चिठ्ठ्या ठेवायच्या, कर्त्या माणसानं उचलायची, निघेल ते मानायचं. तुमच्या वडिलांनी विहिरीची जागा अशीच धरली होती. यांना लिहायचा कंटाळा, म्हणून लिहिणारी मी.

सोनकातळ, खारेपेठ, मोठं बंदर, अशा तीन चिठ्ठ्या लिहायच्या होत्या. मी तिन्हींवर खारेपेठ लिहिलं.

यांनी अंघोळ केली. एवढ्या पाण्याच्या टंचाईत डोक्यावरून पूर्ण तांब्या घेतला. बेल वाहिला, डोळे मिटून बराच वेळ बसले, मग मधली चिठ्ठी उचलून माझ्याकडे दिली, वाच म्हणाले. मी वाचलं. यांनी ती परत घेऊन कपाळाला लावली. "देवाचंच म्हननं असंल तं खारेपेठ." मी उरलेल्या दोन चुलीत घातल्या. रीतीनं त्या वाहत्या पाण्यात सोडायच्या, पण वाहतं पाणी आहे कुठं?

मी वाण्याच्या पैशाचाही हिशेब चुकू देत नाही, सोळा वर्षं सोमवार धरते, आणि आज देवाला तोंडात शब्द घालून बोलायला लावलं. दिवा लावताना वर बघवत नाही.

आता एक ऐका. तुम्ही लिहिलंत, घर धक्क्यावरून दिसतं पण माणूस ओळखू येत नाही. तर तसंच राहू द्या. दादा आले तरी समोर येऊ नका. तुम्ही तिथं आहात कळलं की त्याच पावली होडी सोनकातळला जाईल. होडीवर हाताखाली गावातला धर्मराज बरोबर येतोय, तोही तुम्हाला ओळखतो. रुखमिणीलाही सांगून ठेवा. जाऊ असून तिला मी अजून पाहिलेलं नाही, आणि पहिलाच निरोप हा असा धाडते आहे.

वच्छला


पाली, २४ फेब्रुवारी

चि. भाऊजी,

हे पत्र हातात पडेल त्या घडीला धक्क्यावर जा.

काल ट्रक निघाला. होडी आडवी घालून वरून शीड बांधलं होतं. गाव बघायला लोटलं होतं, सुंदरराव लांबूनच ओरडले, "गहिनीनाथा, समुद्राला आमचा रामराम सांग रं!" यांनी नुसती मान हलवली. तेवढंही आठ वर्षांत पहिल्यांदा.

आज मी गोणपाटं गोळा करायला धरणाकडे गेले. जिथं होडी बांधायचे तो दगड तुम्हाला आठवतो, त्याला दोरानं खोबण पडलीय. दोराचा तुटका तुकडा तिथंच होता. जेमतेम दीड हात. हे कायम तसंच बांधतात, नाक दगडाला टेकवून, घट्ट. वाऱ्यानं होडी आपटू नये म्हणून.

तिथं उभी असताना तुमच्या पत्रातली ओळ आठवली. घरी येऊन परत काढून वाचली. "भरतीला होडी धक्क्याच्या काठाला लागते, ओहोटीला माणूस-दीड माणूस खाली जाते." मी ही ओळ वाचली होती, भाऊजी. वाचून मला वाटलं भरती म्हणजे पावसाळा आणि ओहोटी म्हणजे उन्हाळा. आपल्या धरणाचं तेच तर होतं. माणूसभर पाणी उतरायला इथं चार महिने लागतात. म्हणून मी ती ओळ सोडून दिली.

शाळेच्या गुरुजींकडे गेले. ते हसले. "अहो वहिनी, रोज. दिवसातून दोनदा."

दिवसातून दोनदा! आणि हे दीड हात दोरानं होडी दगडाला आवळणार, आणि राखण म्हणून आतच झोपणार. कुणाला विचारायचे नाहीत. विचारायचा त्यांचा स्वभाव असता तर आज मी ही पत्रं कशाला लिहिली असती? मी यांना कळवावं तर तुला हे कुणी सांगितलं, हा पहिला प्रश्न. गुरुजींचं नाव सांगितलं तर म्हणतील, गुरुजीनं कवा होडी बांधली?

ते नसतील तेव्हा जाऊन दोर सैल करा. पण दिसू नका.

वच्छला


पाली, ९ मार्च

चि. भाऊजींस आशीर्वाद.

धर्मराज काल परत आला. खारं पाणी मानवत नाही म्हणतो, खरं म्हणजे त्याला घराची आठवण आली. ओट्यावर बसून त्यानं जे सांगितलं ते तसंच लिहिते.

"वहिनी, मासळी बरी मिळती. होडीच्या फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. पर तिथली मानसं चोर हायती."

"काय चोरलं?"

"चोरलं कायबी न्हाई. दोर सोडत्यात! पयल्या चार-पाच रोजात पानी थोडंच खालीवर व्हायचं, दादा म्हनले, येवढंच हाय व्हय. मग आवसंच्या आसपास आमी मासळी इकाया बाजारात गेलतो. माघारी आलो तं होडी खाली चिखलात, अन् दोर कुनीतरी वावभर ढिला केलेला. दोन्ही हात पसरले तरी पुरना येवढा. दादानं परत आवळून बांधला. दुसऱ्या दिवशी पुना तेच."

मी विचारलं, पण पाणीच उतरलं असेल ना?

"उतरलंतंच की. दादाला काय दिसत न्हाई का? दादा म्हनले, पानी जाऊ दे कुठं जायचं ते, दोर तंग असता तं होडी जाग्यावर ऱ्हायली असती. ढिला केला म्हनून चिखलात गेली."

मी पदर तोंडाला लावला. धर्मराजला वाटलं मी रडते आहे. खरं सांगू, हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण पुढं तो म्हणाला, "आता दादा दुपारी बाजारात जात न्हाईत. मासळी दुसऱ्याकडं देत्यात अन् धक्क्याच्या आड वल्हं घिऊन बसत्यात. म्हनले, सापडू दे, हात मोडून ठिवतो."

भाऊजी, तुम्ही जाऊ नका. होडी फळ्यांची आहे, मोडली तर सांधता येईल. तुमचा हात मोडला तर तो कुणाचा होता हे कळल्यावर हे कसे जगतील?

वच्छला


पाली, १३ मार्च

चि. भाऊजी,

तुमचं पत्र आज आलं. होळीच्या पुनवेला वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक, पाणी काठावरून वाहील आणि ओहोटीला खालचे दगड उघडे पडतील, असं लिहिलंत. दोर आखूड राहिला तर होडी नाकावर टांगली जाईल, आतलं माणूस दगडांवर पडेल. "वहिनी, आता मीच समोर जातो, मारला तर मारू दे."

नको. तुम्ही समोर गेलात तर ते तुमचं ऐकायचे नाहीत, रागानं होडी काढून सोनकातळला नेतील, आणि त्याच उधाणात तिथल्या लाटेत घालतील. तुम्ही ज्या कामाला जाताय तेच उलटं होईल.

म्हणून मी आजच त्यांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. तुमचा पत्ता, तुमची पत्रं, पलीकडचं घर, दोर कोण सोडतं ते. चिठ्ठ्यांचंही लिहिलं. ते लिहिताना तीनदा उठले, चूल बघून आले, परत बसले. हे शिव्या देतील, घरी येणार नाहीत, काय करायचं ते करतील. पण अर्धं सांगितलं असतं तर उरलेल्या अर्ध्याचा वास त्यांना आलाच असता, आणि मग मी काहीही सांगितलं तरी फुकट.

मागणं एकच केलं. लिहिलं, "सोनकातळला जायचं असेल तर खुशाल जा. मी आडवी येत नाही. पण त्याआधी एक दिवस कामाला न जाता धक्क्यावर नुसते बसा. पाणी काठाला लागल्यापासून तळ उघडा पडेपर्यंत उठू नका. आणि तोवर होडीत झोपू नका. माझं ऐकू नका, भाऊजींचं ऐकू नका, पाण्याकडे बघा."

पत्र नेकनूरच्या बसच्या कंडक्टरकडे देऊन बीडच्या मोठ्या पोस्टात टाकायला सांगितलंय, म्हणजे एक दिवस वाचेल. पौर्णिमेला पाच दिवस आहेत. पोचेल का, माहीत नाही. पोचलं नाही तर तुम्हाला जे सुचेल ते करा, वल्ह्याची पर्वा करू नका असं मी म्हणू शकत नाही, आणि करा असंही म्हणवत नाही.

महादेवाकडे आज काही मागितलं नाही. मागायचं तोंड राहिलेलं नाही.

वच्छला


पाली, २७ मार्च

चि. बद्रीनाथ भाऊजी आणि सौ. रुखमिणी यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र आलं. आधी पाकीट न फोडता हातात धरून किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग छबुबाईच म्हणाली, "फोड गं, न्हाईतर मी फोडते."

माझं पत्र यांना पोचलं हे तुम्हाला कसं कळलं, तर होळीच्या दिवशी ते वल्हं लपवून न ठेवता उघड्यावर मांडीवर घेऊन बसले होते, आणि तोंड तुमच्या घराकडे होतं. म्हणजे वाचलं होतं. रुखमिणी, तू दारातून बघत होतीस, म्हणून तू लिहिलेला भाग मी दोनदा वाचला. पाणी काठाला होतं तेव्हा यांनी दोर तसाच आखूड बांधला. मुद्दाम. स्वतःचं खरं की तुमचं-माझं, हे बघायला. मी ओळखते ना. जेवायला उठले नाहीत, पाणी प्यायला उठले नाहीत. पाणी उतरत गेलं, होडीचं नाक वर राहिलं, शेपूट खाली गेली, आणि दोर तारेसारखा ताठला. तेव्हा हे उठले, गाठ सोडायला गेले. पण एवढ्या वजनानं आवळलेली गाठ सुटते कुठली? नखं रक्ताळली तरी सुटेना. होडी करकरायला लागली.

आणि तुम्ही मांडीएवढ्या चिखलातून पलीकडून आलात. रुखमिणी लिहिते, ती किंचाळली पण दोघांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही. दादांच्या हातात वल्हं आणि तुमच्या हातात कोयता.

तुम्ही कोयता दोरावर घातला. होडी खाली पडली, बुडाची एक फळी गेली. दादांनी वल्हं वर उचललेलं होतं ते तसंच हळूहळू खाली आणलं. तुम्ही आलात तसे चिखलातून परत गेलात. बरं केलंत. त्या वेळी बोलण्यासारखं काय होतं? फळी बसवता येते. ते आत झोपलेले नव्हते, माझं तेवढं ऐकलं.

दुसऱ्या सकाळचं तुम्ही थोडक्यात लिहिलंत, रुखमिणीनं सविस्तर. हे मोठा वळसा घालून पुलावरून तुमच्या काठाला आले. दारासमोर येऊन उभे राहिले. या म्हटलं तरी आत आले नाहीत, पायरीवर बसले. पाणी दिलं, प्यायले. गूळ घेतला नाही. मग खाडीकडे बघतच विचारलं, "उद्या पानी कवा उतरतंय?"

तुम्ही वेळ सांगितलीत. ते उठून गेले.

रोज ही वेळ पुढं सरकते असं तुम्ही लिहिलंत. आजची उद्या चालत नाही, उद्याची परवा चालत नाही. मी हे वाक्य वाचलं आणि या वेळी सोडून दिलं नाही.

मला यांचं अजून एक ओळही पत्र नाही. येईल तेव्हा येईल, न आलं तरी ते माझं मी निस्तरीन. होडी सोनकातळला नेणार असं ते बोलले नाहीत, खारेपेठला ठेवणार असंही बोलले नाहीत. तुम्ही त्यांना ते विचारू नका. फळीसाठी लाकूड देऊ केलंत, ते मात्र पायरीवर ठेवून द्या, हातात देऊ नका.

आणि भाऊजी, एक माझं ऐका. तुमच्या तिकडच्या लोकांना साऱ्या महिन्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असतात म्हणे, तिथीवरून कुणीही सांगतं. दादा एके दिवशी तुम्हाला म्हणतील, रोज रोज काय यायचं, महिन्याचं एकदमच सांगून टाक. तुम्ही सांगू नका. म्हणा, मला फक्त उद्याचं कळतं.

वच्छला